एका टेबलावरच्या तीन इयत्ता

वीसपेक्षा कमी पटाच्या सरकारी शाळांचं काय करायचं, हा महाराष्ट्रातला वाद 2023 मध्ये पेटला आणि अजून विझलेला नाही. शासनाने त्या वर्षी जिल्ह्यांकडून समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. आसपासच्या छोट्या शाळा एका मोठ्या शाळेत मिळवायच्या आणि मुलांना गाडीने तिथे आणायचं, अशी ती कल्पना. नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळची नावं पुढे आली. अशा कमी पटाच्या शाळा राज्यात जवळपास 15 हजार आहेत. तेव्हापासून वर्तमानपत्रांत, नातेवाइकांशी फोनवर बोलताना, शिक्षक असलेल्या मैत्रिणींकडून एकच वाक्य कानावर येतं: "दोन शिक्षक चार-चार इयत्तांना काय शिकवणार?"

हे वाक्य मी व्हर्जिनियात बसून ऐकते आणि दर वेळी अस्वस्थ होते. आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज सकाळी तीन वयांची मुलं शिकतात. मोठा नऊ वर्षांचा, मधली सहाची, धाकटा तीनचा. आम्ही काही एकटे नाही. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या पाहणीत 2020 च्या वसंतात शाळकरी मुलं असलेल्या 5.4 टक्के कुटुंबांनी घरी शिकवत असल्याचं सांगितलं होतं; त्याच वर्षीच्या शरदात हा आकडा 11.1 टक्क्यांवर गेला. साथ ओसरल्यावर बरीच मुलं शाळेत परतली, बरीच घरीच राहिली. अशा आयांच्या घोळक्यात वेगवेगळ्या वयांची मुलं एकत्र कशी शिकणार, असा प्रश्न सहसा कोणी करत नाही. "तुम्ही गणिताला काय वापरता?" हाच पहिला प्रश्न असतो.

माझी आई पाटण तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत बाई होती. त्यामुळे वादाच्या दोन्ही बाजू मला घरच्याच वाटतात.

इथला कायदा आधी सांगते, कारण भारतातून सगळ्यांना त्याचंच नवल वाटतं. व्हर्जिनियात घरी शिकवायचं तर दर वर्षी 15 ऑगस्टच्या आत शाळा विभागाच्या अधीक्षकांना लेखी कळवायचं आणि सोबत विषयांची यादी जोडायची. पुस्तकं कोणती, वेळापत्रक काय, हे कोणी विचारत नाही. पालक बारावी झालेला असला तरी पुरतं. पुढच्या 1 ऑगस्टपर्यंत मुलाच्या प्रगतीचा पुरावा द्यायचा, म्हणजे प्रमाणित चाचणीचे गुण किंवा पात्र व्यक्तीने केलेलं मूल्यमापन. टेक्सासात कळवावंही लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र आधी आराखडा आणि मग दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. जर्मनीत घरी शिकवायला जवळपास बंदीच आहे आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2019 मध्ये जर्मनीचीच बाजू उचलून धरली. म्हणजे 'परदेशात असं असतं' असं सरसकट म्हणण्यासारखं काहीच नाही.

आता अभ्यासक्रमाकडे वळते. इथे घरी शिकवायला नव्याने लागलेली आई बहुतेक वेळा प्रत्येक मुलाच्या इयत्तेचा अख्खा संच मागवते. मोठ्या खोक्यातून सगळ्या विषयांची पुस्तकं येतात आणि 36 आठवड्यांचं, दिवसागणिक आखलेलं वेळापत्रक येतं. एका संचाला काहीशे डॉलर पडतात. तीन मुलं असली की तीन संच. एकाचा इतिहास इजिप्तचा, दुसरीचा आपल्या गल्लीतल्या मदतनिसांचा. एकाचं विज्ञान चुंबकाचं, दुसरीचं बियांचं. दिवसाचे तास वाढत नाहीत आणि नोव्हेंबरपर्यंत आई थकून जाते. संच वाईट नसतात, त्यातली पुस्तकं बहुधा चांगलीच असतात. पण ते एका इयत्तेला एक शिक्षक धरून रचलेले असतात, आणि घर तसं नसतं.

मी सुरुवातीपासून विषयांची दोन भागांत वाटणी केली. गणित आणि वाचन ज्याचं त्याचं वेगळं, बाकी सगळं एकत्र. गणितात कालची पायरी पक्की नसेल तर आजची उभीच राहत नाही, म्हणून तिथे वयाकडे न पाहता मूल कुठे आहे ते पाहायचं. बहुतेक प्रकाशक पातळी ठरवायची चाचणी फुकट देतात. ती सोडवून घेतल्याशिवाय पुस्तक विकत घेऊ नये, असं मी प्रत्येकीला कळकळीने सांगते. मोठ्याला आम्ही सिंगापूरच्या पद्धतीचं गणित देतो. तिथल्या शिक्षण खात्याने 1980 च्या दशकात ते रुजवलं: आधी वस्तू हातात, मग तिचं चित्र, मग आकडा. शब्दांची उदाहरणं पट्ट्या काढून सोडवायची. त्याला एक गोष्ट समजली की पुढे जायचं असतं, तीच ती उजळणी नको असते. मधलीला उजळणीत आधार वाटतो, म्हणून तिच्यासाठी रोज थोडं नवं आणि पुष्कळसं जुनं देणारं पुस्तक घेतलं. एक घटक पुरता पक्का करून पुढे जावं की फिरून फिरून त्याकडे यावं, यावर इथे आया तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते या वादाला फाजील महत्त्व मिळतं. उद्या सकाळी पुस्तक उघडून फार तयारी न करता मला शिकवता येईल का, आणि हे मूल त्यासमोर रडल्याशिवाय बसेल का, या दोन प्रश्नांवर निवड ठरते.

वाचनाचंही तसंच. इंग्रजीला आवाजांच्या क्रमाने जाणारी लांबलचक वाट लागते. मराठीला बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, आणि बाराखडी बसली की मूल काही महिन्यांत वाचू लागतं. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या शाळेत सात वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा एकाच वर्गात बसतात, कारण तिथले वर्ग मराठी किती येतं यावरून ठरतात. त्याचं कोणालाच काही वाटत नाही.

बाकीचा दिवस एकत्र. इतिहासाचं चार वर्षांचं चक्र इथल्या घरांत फार चालतं: पहिल्या वर्षी प्राचीन काळ, मग मध्ययुग, अशा क्रमाने आजपर्यंत यायचं आणि पुन्हा सुरुवात. दुसऱ्या फेरीत मूल चार वर्षांनी मोठं झालेलं असतं आणि तोच काळ अधिक खोलात शिकतं. हडप्पा संस्कृती चालू होती तेव्हा मोठ्याने नकाशा काढला आणि मोहेंजोदडोच्या गटारांवर परिच्छेद लिहिला. मधलीने मुद्रेवरचा बैल काढला. धाकट्याने माती थापली. शार्लट मेसन या इंग्रज शिक्षिकेने (1842-1923) लहान मुलांसाठी धडे छोटे ठेवावेत आणि मुलाने ऐकलेलं लगेच आपल्या शब्दांत सांगावं, असा आग्रह धरला होता. तिच्या संस्थेचे अभ्यासक्रम टपालाने घरोघरी जात, दूरदेशी राहणाऱ्या इंग्रज कुटुंबांपर्यंतही. वेगवेगळ्या वयांच्या मुलांसाठी याहून चांगली युक्ती मला सापडलेली नाही. सहा वर्षांची आधी सांगते, दोन-तीन वाक्यं. मग नऊ वर्षांचा सुटलेलं भरतो. "दादा, ते नंतर झालं, आधी नाही," असं मधलीने त्याला अडवलं की मला कळतं, दोघांनीही ऐकलं आहे.

अवघड असते ती गणिताची वेळ. मी एकाजवळ बसले की दुसरीने माझ्याशिवाय करता येईल असं काम करत राहायचं. हे काम नेमकं निवडणं हेच खरं कसब. फार सोपं दिलं तर पाच मिनिटांत संपतं, फार अवघड दिलं तर ती दर मिनिटाला हाक मारते. आणि धाकट्याला सकाळी सगळ्यांच्या आधी वेळ द्यायचा. त्याचं पोट भरलं की तो तासभर आपला आपण खेळतो. माझं वेळापत्रक आईला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, हे तर आमच्या जोडवर्गाचंच आहे की!"

ते खरंच आहे. तिच्या शाळेत एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. चौथीला पाटीवर गणितं घालून ती तिसरीचं वाचन घ्यायची. कविता सगळ्यांना एकदम. चौथीतल्या मुली पहिलीतल्यांना अक्षरं गिरवून घ्यायच्या. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला 2025 मध्ये जागतिक स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. मुलांनीच मुलांना शिकवण्याची तिथली विषयमित्रांची पद्धत आता सगळीकडे वाखाणली जाते. आईसारख्या कितीतरी बाई-गुरुजींनी गरजेपोटी तीच वाट धरलेली होती. त्यामागेही मोठा वारसा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला जे उभं केलं, त्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी शाळेला मुकू नये म्हणून. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. वय आणि इयत्ता यांची सांगड पोरांच्या जगण्यापेक्षा मोठी नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

म्हणून 'दोन शिक्षक काय शिकवणार' हा प्रश्न मला चुकीच्या जागी विचारलेला वाटतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक धरलेले आहेत. म्हणजे जोडवर्ग ही कायद्यानेच गृहीत धरलेली रचना आहे. 2020 च्या राष्ट्रीय धोरणातच लिहिलं आहे की 2016-17 मध्ये देशातल्या सुमारे 28 टक्के सरकारी प्राथमिक शाळांत 30 पेक्षा कमी मुलं होती. तरीही पुस्तकं, हस्तपुस्तिका आणि प्रशिक्षणं मात्र एका इयत्तेला एक शिक्षक आहे असं समजूनच तयार होतात. दिवाळीआधीच थकणाऱ्या इथल्या आईच्या हातात जे चुकीचं खोकं पडतं, तेच आपण पाटणच्या बाईंच्या हातात देतो. वर तिला मतदार याद्या, सर्वेक्षणं आणि पोषण आहाराच्या नोंदीही देतो. माझ्या टेबलावर तीन मुलं असतात, तिच्यासमोर पस्तीस असायची, आणि मला मधूनच तालुक्याला बैठकीला कोणी बोलावत नाही. हा फरक मी विसरू शकत नाही.

दुसरीकडे पुण्या-मुंबईतल्या मैत्रिणी विचारतात, आम्हीही घरीच शिकवू का? शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकवणाऱ्या पालकांची वेगळी सोय नाही. बरीच कुटुंबं पुढे मुक्त विद्यालयाच्या परीक्षेचा आधार घेतात. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं, मला त्यातून मुलांचा अपार सहवास मिळाला. पण याला शिक्षणाच्या प्रश्नावरचा उपाय म्हणू नये. हे सगळं घरातल्या एका माणसाच्या पूर्ण वेळावर उभं आहे आणि ते माणूस बहुतेक घरांत आई असते. इथे नवऱ्याच्या नोकरीवर आलेल्या कितीतरी शिकलेल्या मराठी बायकांना व्हिसामुळे वर्षानुवर्षं नोकरी करता येत नाही. 2015 पासून त्यांतल्या काहींना परवानगी मिळू लागली, सगळ्यांना नाही. पाटणमधली आई सकाळी भाताच्या खाचरात असते. तिच्या मुलीला शाळाच हवी, आणि ती चालत जाता येईल इतकी जवळ हवी. पावसाळ्यात ओढा आडवा आला की गाडी येत नाही, आणि गाडी आली नाही की आधी मुलीचं शिक्षण थांबतं.

छोटी शाळा प्रत्येक ठिकाणी वाचवावी असं मी म्हणत नाही. पाचच मुलं उरली असतील, चौथीत एकटीच मुलगी असेल, तर तिला खेळायला आणि भांडायला सोबत हवी. जवळ चांगल्या रस्त्यावर दुसरी शाळा असेल तर तिथे जाण्यात शहाणपण आहे. पण पाच मुलांची शाळा आणि अठरा मुलांची शाळा एकाच रकान्यात मोजणं अन्यायाचं आहे. अठरा मुलं, दोन शिक्षक, मिश्र वय. नेमकी अशीच मांडणी असलेल्या छोट्या शाळा गेल्या काही वर्षांत अमेरिकेत जागोजाग निघाल्या आहेत आणि पालक तिथे फी भरून मुलं पाठवतात.

माझं मागणं अगदी नेमकं आहे. नव्या धोरणानुसार राज्यातली पुस्तकं 2025 मध्ये पहिलीपासून बदलायला लागली आहेत, म्हणजे हीच वेळ आहे. जोडवर्गाच्या शाळांना तिसरी-चौथीचा परिसर अभ्यास दोन वर्षांच्या चक्राने शिकवायची मुभा द्या: या वर्षी दोन्ही इयत्तांना एकच पुस्तक, पुढच्या वर्षी दुसरं. भाषा आणि गणितासाठी इयत्तेऐवजी पायऱ्यांची कार्डं द्या. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीने खेड्यांतल्या बहुवर्ग शाळांसाठी अशी शिकण्याची शिडी आणि कार्डांचा संच घडवला आणि तो इतर राज्यांतही गेला, म्हणजे शून्यापासून सुरुवात करायची गरज नाही. प्रत्येक कार्डावर लिहा की हे मूल एकटं करू शकतं, हे मोठ्या मुलासोबत, आणि इथे बाईच लागतील. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने एका डोंगरी तालुक्यात दोन वर्षं हे करून पाहावं. आखणी करताना निवृत्त जोडवर्ग शिक्षकांना आधी बोलवावं, आणि तोवर त्या तालुक्यातली एकही शाळा दुसऱ्या शाळेत मिळवू नये.