ईबीपीएफ आले म्हणून पर्फ आणि एफट्रेस बाद होत नाहीत

‘लिनक्स कर्नलची कामगिरी तपासायची तर फक्त ईबीपीएफ शिका, पर्फ आणि एफट्रेस जुने झाले, शिवाय व्हेरिफायर असल्याने ईबीपीएफचा भार पडत नाही,’ हा सल्ला सध्या सर्रास पुढे पाठवला जातो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, आणि ही तिन्ही त्याच्या आत काय चालले आहे ते पाहण्याची साधने: पर्फ ठरावीक अंतराने कोणता कोड चालू आहे याचे नमुने घेते, एफट्रेस फंक्शन आणि घटनांची नोंद ठेवते, तर ईबीपीएफमुळे आपला छोटा प्रोग्राम कर्नलमध्येच चालवता येतो. तो प्रोग्राम चालवण्याआधी तपासणारा कर्नलचा भाग म्हणजे व्हेरिफायर.

आधी भाराचे पाहू. प्रोग्राम नको त्या मेमरीला हात लावणार नाही आणि तो संपेल, एवढे व्हेरिफायर पाहतो. तो सेकंदाला किती वेळा चालेल, याच्याशी व्हेरिफायरचा संबंध नाही. शेड्युलरच्या (कोणते काम कधी चालेल हे ठरवणाऱ्या भागाच्या) ट्रेसपॉइंटवर, म्हणजे नोंदीसाठी कोडमध्ये आधीच ठेवलेल्या जागेवर, सेकंदाला 5 लाख घटना होत असतील आणि प्रत्येकीमागे 1 मायक्रोसेकंद जात असेल, तर प्रोसेसरचा निम्मा कोर मोजण्यातच खर्ची पडतो. पर्फने सेकंदाला 99 नमुने घेतले, तर कामाचा ताण कितीही वाढला तरी एका कोरमागे नमुने 99च्या पुढे जात नाहीत.

‘जुने झाले’ म्हणणेही टिकत नाही. एफट्रेस 2008 मध्ये आणि पर्फ 2009 मध्ये कर्नलमध्ये आले हे खरे. पण ईबीपीएफ स्वतः घटना निर्माण करत नाही, ते केप्रोब (चालत्या कर्नलच्या कोडवर ऐनवेळी लावलेला सापळा), ट्रेसपॉइंट आणि पर्फच्याच घटनांना जोडावे लागते. एफट्रेसला तर कंपायलरही लागत नाही, फाइलमध्ये दोन शब्द लिहिले की काम सुरू होते, आणि छोट्या उपकरणावर अनेकदा तेवढेच हाताशी असते. मात्र डिस्कच्या विलंबाचा हिस्टोग्राम कर्नलमध्येच तयार करून फक्त बेरजा बाहेर काढायच्या असतील, तर ईबीपीएफला तोड नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

साधन बदलले की उत्तर सुधारते, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये हार्डवेअर काउंटर (प्रोसेसरमधील घटना मोजणारे) मिळाले नाहीत, तर पर्फ टायमरच्या इंटरप्टवर, म्हणजे चालू काम मध्येच थांबवणाऱ्या संकेतावर, नमुने घेते. इंटरप्ट बंद असतानाचा नमुना ते पुन्हा चालू होईपर्यंत अडकून राहतो, आणि अहवालात स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) सोडून इंटरप्ट पुन्हा चालू करणारे फंक्शन सर्वांत वर दिसते. कित्येक जण त्या निर्दोष फंक्शनमागे दिवस घालवतात. बीपीएफट्रेसने (ईबीपीएफवर चालणाऱ्या साधनाने) नमुने घेतले तरी टायमर तोच असल्यामुळे चित्रही तेच दिसते. त्यावर उपाय म्हणजे काउंटर उपलब्ध असलेले यंत्र घेणे, कारण एक्स86 वर (इंटेल, एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरवर) त्यांचा इंटरप्ट अडवता न येणारा असतो आणि इंटरप्ट बंद असलेल्या भागातही नमुना जागच्या जागी पडतो.