‘शोभेचा डॉक्टर’ या प्रतिक्रियेला उत्तर

बॉक्सिंग आणि एमएमए (ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणारा मिक्स्ड मार्शल आर्ट्स) यांच्या सुरक्षिततेवर मी लिहिलेल्या लेखाखाली ‘रोखठोक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ती ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात: हे खेळ म्हणजे माणसांच्या कोंबडझुंजी, रिंगजवळचा डॉक्टर आणि रेफरी ही शोभेची माणसं, रक्त सांडल्याशिवाय तिकिटं खपत नाहीत हे त्यांनाही ठाऊक असतं, क्रिकेट आणि दहीहंडीशी तुलना करणं हा अप्रामाणिकपणा, आणि माझ्यासारखे ‘रक्ताचे दलाल’ पोरांना नादी लावतात, इतकं की त्यांचा पुतण्या आता बॉक्सिंगच्या क्लबात नाव घालायला निघाला आहे.

रोखठोक, आधी भाषेबद्दल. दलाल त्याला म्हणतात ज्याला व्यवहारात वाटा मिळतो. या लेखनातून मला एक रुपया मिळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, तरी पहिल्याच ओळीत तुम्ही माझा हेतू ठरवून मोकळे झालात. मतभेद असलेला माणूस असं लिहीत नाही. निवाडा आधीच करून आलेला माणूस असं लिहितो.

एक गोष्ट मान्य. लेखाच्या माथ्यावर रक्ताने माखलेल्या चेहऱ्याचा फोटो होता, तो सुरक्षिततेवरच्या लेखाला शोभत नव्हता. काढून टाकला आहे.

पण ‘शोभेची माणसं’ हे वाक्य मी सोडणार नाही. व्यावसायिक बॉक्सिंगच्या कोपऱ्यात कटमन, म्हणजे राउंडच्या मधे बॉक्सरच्या जखमा सांभाळणारा माणूस, म्हणून मी अनेक वर्षं उभा राहिलो आहे, त्यामुळे तिथे कोण काय करतं हे मला कोणी सांगायला नको.

तुम्हाला जे रक्त दिसतं ते बहुतेक वेळा भुवईचं असतं. तिथे कातडी पातळ, खाली लगेच हाड, आणि रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे छोटी चीरही चेहरा लाल करते. दोन राउंडमधला अवकाश 60 सेकंदांचा. बॉक्सर स्टुलावर टेकेपर्यंत आणि शेवटच्या दहा सेकंदांच्या इशाऱ्यावर कोपरा रिकामा करेपर्यंत हातात जेमतेम 40 उरतात. तेवढ्यात जखम कोरडी करायची आणि 1:1000 ॲड्रेनलिनमध्ये भिजवलेला कापूस काडीने थेट चिरेत धरून दाबायचा. दाब एकसारखा हवा. थांबलं का हे बघायला मध्येच कापूस उचलला, की धरू लागलेली गुठळी त्याच्याबरोबर निघते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मग व्हॅसलिनचा जाड थर. डोळ्याखाली सूज असेल तर बर्फात ठेवलेला एनस्वेल, म्हणजे मुठीत मावणारा धातूचा ठोकळा, जागच्या जागी दाबून धरायचा. नवशिके सूज चोळून बाजूला सरकवायला जातात, त्याने आतल्या बारीक वाहिन्या आणखी फुटतात आणि पुढच्या राउंडला डोळा मिटलेला असतो.

आता डॉक्टर. तो जखमेची लांबी बघत नाही, जागा बघतो. रक्त डोळ्यात उतरतंय का, पापणीची कड फाटली आहे का, एक डोळा झाकल्यावर दुसऱ्याने बोटं मोजता येतात का. पापणीची कड किंवा अश्रुनलिकेजवळचा कट म्हणजे बाउट (लढत) संपली, बॉक्सर गुणांवर पुढे असला तरी. पहिली घंटा होण्याआधीचं कामही त्याचंच: बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची तपासणी, एचआयव्ही आणि दोन्ही काविळींच्या, बी आणि सी, रक्तचाचण्या. खेळावर नीट देखरेख आहे तिथे मेंदूचा स्कॅनही लागतो.

आणि रेफरी रक्ताकडे नाही, पायांकडे बघतो. ठोसा खाल्ल्यावर गुडघा लॉक झाला का, हात गार्डवर परतले का, सलग तीन-चार ठोशांना काही उत्तर आलं का. नॉकडाउननंतर, म्हणजे बॉक्सर ठोशाने खाली पडल्यावर, तो आठपर्यंत मोजतो ते बॉक्सरला दम मिळावा म्हणून नव्हे, स्वतःला बघायला वेळ मिळावा म्हणून. ‘माझ्याकडे चालत ये, हात वर कर’ असं सांगतो. पावलं तिरकी पडली की दोन्ही हात हलवून बाउट थांबवतो. प्रेक्षक ओरडतात, प्रमोटर चिडतो, निर्णय बदलत नाही. याला तुम्ही शोभा म्हणता?

जीव जातो तो बहुधा रक्ताशिवायच. जबड्याला कडेने बसलेल्या ठोशाने डोकं झटक्यात फिरतं, कवटी फिरते तेवढ्या वेगाने आतला मेंदू फिरत नाही, आणि दोघांमधल्या बारीक शिरा ताणून तुटतात. आत रक्त साचत जातं, बाहेर थेंबही नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एडमंटनमधल्या 2013 पर्यंतच्या लढतींनंतरच्या तपासण्या मांडल्या. एमएमएत काही ना काही इजा झालेले 59.4 टक्के, बॉक्सिंगमध्ये 49.8. पण शुद्ध हरपलेले एमएमएत 4.2 टक्के आणि बॉक्सिंगमध्ये 7.1. जास्त रक्त दिसतं त्या खेळात शुद्ध कमी जणांची हरपली. जाड ग्लोव्ह मुठीची हाडं वाचवतो, आणि मूठ वाचते म्हणून डोक्यावर पुन्हा पुन्हा मारता येतं. हेडगार्डही कट टाळतो, डोक्याचं फिरणं नाही. पुरुषांच्या वरिष्ठ अमॅच्युअर बॉक्सिंगमधून तो 2013 साली काढला तो याच वादातून.

‘शोभेची माणसं’ हे वाक्य तुम्ही 1991 साली लिहिलं असतंत तर मी गप्प बसलो असतो. त्या सप्टेंबरमध्ये लंडनला ख्रिस युबँकविरुद्धची बाउट बाराव्या राउंडमध्ये थांबली आणि मायकल वॉटसन कोसळला. डॉक्टर हजर होते, पण त्यांनी तपासेपर्यंत सात मिनिटं गेली. पहिल्या हॉस्पिटलात पोचायला जवळजवळ अर्धा तास लागला, तिथे न्यूरोसर्जरी नव्हती, म्हणून पुन्हा दुसरीकडे हलवलं. वॉटसनने ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डावर दावा लावला आणि 2000 साली अपील न्यायालयाने बोर्डाला जबाबदार धरलं: दुखापत खेळातली असेल, पण रिंगजवळच उपचार सुरू होतील अशी सोय करणं तुमचं काम होतं. आज भूलतज्ज्ञ, ऑक्सिजन, तयार ॲम्ब्युलन्स आणि आधीच कळवून ठेवलेलं न्यूरोसर्जरीचं हॉस्पिटल यांचा आग्रह धरला जातो, त्यामागे हा निकाल आहे. त्याआधी नोव्हेंबर 1982 मध्ये लास व्हेगासला रे मँचिनीशी लढून बॉक्सर किम दुक-कू मरण पावला, आणि वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने (डब्ल्यूबीसी) जागतिक विजेतेपदाच्या लढती 15 राउंडवरून 12 वर आणल्या. मृत्यू झाले हे मी कधीच लपवलेलं नाही. ते झाल्यावर नियम हलले, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

आता तुलनेबद्दल. त्याच 1982 च्या जुलैमध्ये बंगळूरला ‘कुली’च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन खोट्या मारामारीत टेबलाच्या कोपऱ्यावर आपटले आणि आतडं फुटून मरणाच्या दारात गेले. ठोसा खोटा होता, इजा खरी होती. त्यावर कोणी त्यांना रक्ताचे दलाल म्हटलं नाही, देशाने प्रार्थना केल्या. ढाक्यात 1998 साली शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभा असलेला रमण लांबा चेंडू लागून गेला. फिल ह्यूज 2014 साली बाउन्सरने गेला, आणि डोक्याला मार लागलेल्याच्या जागी बदली खेळाडू देण्याचा नियम आयसीसीने 2019 साली आणला. दहीहंडीत 20 फूट आणि 18 वर्षं ही मर्यादा मुंबई उच्च न्यायालयाने 2014 साली घातली, 2017 साली उंचीची मर्यादा राहिली नाही आणि वय 14 वर आलं. सगळ्यात वरच्या गोविंदाला दोर असतो. थर कोसळला की त्याखाली सापडणाऱ्याच्या मानेला काय असतं? आणि पाय थरथरू लागलेत हे बघून ‘उतरा’ म्हणण्याचा अधिकार असलेला, पथकाबाहेरचा, बक्षिसाशी संबंध नसलेला एक माणूस तिथे दाखवा. मी तुलना करतो ती एवढ्याचीच: थांबवायचा हक्क कोणाच्या हातात आहे. याला अप्रामाणिक म्हणायचं तर कारण द्या, नुसता शब्द फेकू नका.

कोंबडझुंजीबद्दल दोन ओळी पुरेत. ही उपमा अमेरिकेचे सिनेटर जॉन मॅककेन यांनी नव्वदच्या दशकात एमएमएसाठी वापरली होती, तेव्हा त्या खेळात फारसे नियमच नव्हते. न्यू जर्सीत 2000-01 मध्ये एकसंध नियम झाले. कोंबड्याला हाताने दोनदा थोपटून लढत सोडता येत नाही.

मला खरंच घेरायचं होतं तर तुम्ही सरावाबद्दल विचारायला हवं होतं. बॉक्सरच्या मेंदूच्या झिजेचं वर्णन अमेरिकी डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी 1928 सालीच केलं होतं, आणि ती झीज एका नॉकआउटने होत नाही. वर्षानुवर्षं खाल्लेल्या, शुद्ध न हरपणाऱ्या ठोशांनी होते. ते ठोसे मुख्यतः जिममध्ये, स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतींमध्ये) पडतात, जिथे ना रेफरी असतो ना डॉक्टर. तुमच्या संतापात हे एकदाही आलं नाही.

म्हणून पुतण्याबद्दल. त्याला अडवायचं की नाही ते तुमच्या घरचं. पण नाव घालण्याआधी स्वतः क्लबात जाऊन एक पूर्ण संध्याकाळ बसा. स्पारिंग रोज असेल तर तिथून निघा. पहिले काही महिने पोरांनी बॅग, पॅड आणि फूटवर्कच करायला हवं. स्पारिंगला 16 औंसांचे ग्लोव्हज आहेत का, आणि आतलं पॅडिंग मुठीच्या जागी बसून गेलंय का, हे अंगठ्याने दाबून बघा. वजनात दहा किलोंचा फरक असलेली जोडी लावताना दिसली तर कोचला तिथेच विचारा. डोकं दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला तो काय सांगतो ते ऐका: त्या दिवसापुरतं नव्हे, डॉक्टरने मोकळं करेपर्यंत स्पारिंग बंद, एवढंच उत्तर चालेल. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाणी तोडून वजन उतरवायला लावत असतील तर हात जोडा. 2015 साली मनिलात यांग जियान बिंग हा चिनी एमएमए खेळाडू वजन उतरवतानाच मरण पावला, रिंगमध्ये पाऊल न टाकता. माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून त्याच्याच दातांवर बसवून घ्या. तोंड उघडल्यावर तो वरच्या दातांना धरून राहिला पाहिजे. खाली पडत असेल तर पुन्हा गरम करून बसवा, तरीही पडला तर नवा घ्या.