मित्र माझाच आहे

विकिपीडियावर लेख लिहिणाऱ्या माणसाला घरीदारी थोडा तरी मान असतो. 'काहीतरी लिहीत असतो बुवा' एवढं तरी शेजारी म्हणतात. पण एका विकीवरचे फोटो उचलून दुसऱ्या विकीवर नेऊन ठेवणाऱ्याने आपण काय करतो हे कुणाला सांगूच नये. मी मेव्हण्याला सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "का? पहिल्या जागी खराब होत होते का?"

खराब होत नव्हते. मराठी विकिपीडिया सुरू झाला २००३ साली आणि विकिमीडिया कॉमन्स हे सगळ्या भाषांचं सामायिक चित्रभांडार उघडलं सप्टेंबर २००४मध्ये. त्यामुळे, आणि पुढे नुसत्या सवयीमुळे, लोकांनी बरेच फोटो मराठी विकिपीडियावरच चढवले. तिथला फोटो तिथेच वापरता येतो. तोच कॉमन्सवर असला तर कन्नडवाले, बंगालीवाले, जर्मनवाले सगळे आपापल्या लेखात लावू शकतात. आज कॉमन्सवर दहा कोटींच्या वर फायली आहेत. त्यात आपल्या गडांची, घाटांची, बारवांची भर पडावी असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. एका ऑनलाइन बैठकीत मी ते बोलून दाखवलं. "मग समन्वय कोण करणार?" असं विचारल्याबरोबर पटापट सगळ्यांचे माईक बंद झाले, आणि चालू असलेला एकच उरला तो माझा.

फाइल हलवणं ही गोष्ट खरं तर काहीच नाही. त्यासाठी फाइलइम्पोर्टर नावाचं अवजार आहे. बटण दाबलं की चित्र, त्याचं वर्णन, मूळ चढवणाऱ्याचं नाव आणि जुन्या आवृत्त्यांचा इतिहास, असं सगळं बिऱ्हाड पलीकडे जातं. आधी फक्त मीडियाविकी या संकेतस्थळावरच्या एका पानावर आपल्या विकीचे कोणते परवान्याचे साचे, म्हणजे फोटो कुठल्या अटींवर वापरता येतो ते सांगणाऱ्या तयार पाट्या, चालतात आणि कोणते चालत नाहीत याची यादी भरलेली असावी लागते. हेही एका बैठकीत होतं. अडतं ते फाइलीखालच्या पानावर. ते पान म्हणजे फोटोचा सातबारा असतो: मालक कोण, कसणारा कोण, कधीपासून, बोजा कसला. आणि आमच्याकडच्या बहुतेक सातबाऱ्यांवर मालकाच्या रकान्यात लिहिलेलं होतं, 'इंटरनेट'.

व्हॉट्सॲपवर गट काढला. पहिल्या दिवशी सगळ्यांनी अंगठे दाखवले. दुसऱ्या दिवसापासून सुप्रभात सुरू झाली. त्यातूनही माणसं चांगली मिळाली, हे मान्य करायला हवं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांना कुठलाही रकाना रिकामा पाहवत नसे. भूगोलाचे एक सर होते. अभियांत्रिकीचा एक मुलगा होता, तो रात्री दोननंतरच जागा असायचा. आणि कॅनडातल्या एक ताई होत्या. त्या आणि तो मुलगा एकाच वेळी जागे असल्यामुळे गटाची महत्त्वाची धोरणं भारत झोपलेला असताना ठरत.

कामासाठी सगळ्यांना मिळून भरता येईल असा तक्ता केला होता. फाइलचं नाव, कुणी काढली, कधी, कुठे, परवाना कोणता. एका रविवारी काकांना तक्ता विस्कळीत वाटला म्हणून त्यांनी तो अकारविल्हे लावला. फक्त पहिला स्तंभ. बाकीचे स्तंभ होते तिथेच राहिले. सोमवारी सकाळी बघतो तर एकोणिसाव्या शतकातल्या एका संस्थानिकाच्या तैलचित्रासमोर 'स्वतः काढलेला, मोबाईल, २०१४' आणि वडापावाच्या फोटोसमोर 'चित्रकार दिवंगत, प्रताधिकार संपला'. काकांचं म्हणणं, आता निदान सापडतं तरी. जुनी आवृत्ती परत आणता येते म्हणून निभावलं. त्यानंतर मी तो तक्ता कुलूपबंद केला, आणि किल्ली मागायला रोज काकांचा फोन येऊ लागला.

मग नावं. कॉमन्सला फाइलचं नाव अर्थपूर्ण लागतं. आमच्या फाइली होत्या 'मंदिर', 'मंदिर१', 'मंदिर नवीन', 'मंदिर फायनल' आणि नुसतंच 'किल्ला'. हा 'किल्ला' मी ओळखण्यासाठी गटावर टाकला, आणि इतके दिवस सुप्रभातापलीकडे तोंड न उघडलेली माणसं जागी झाली. मराठी माणूस परवान्याबद्दल गप्प बसेल, किल्ल्याबद्दल नाही. एकाने तोरणा म्हटलं. दुसऱ्याने त्याची कीव केली आणि राजगड म्हटलं: "सुवेळा माचीचं नेढं दिसतंय, विषय संपला." त्यावर ताईंनी कॅनडातून फोटो मोठा करून कळवलं, की ते नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, नसून भिंगावरचा डाग आहे. मग डागाच्या बाजूचे आणि नेढ्याच्या बाजूचे असे दोन पक्ष पडले. दोन्ही पक्षांनी पुरावा म्हणून आपापले फोटो टाकले. त्यांत गड कमी आणि पुरावा देणाऱ्याचं तोंड जास्त होतं. भूगोलाच्या सरांनी सावलीवरून दिशा काढली आणि सांगितलं, की फोटो उलटा छापलेला असल्यास तोरणा, सुलटा असल्यास सांगता येत नाही.

यापेक्षा अवघड प्रश्न एकच, 'फोटो कुणी काढला?' आपल्याकडे ज्याच्या मोबाईलमध्ये फोटो तो त्याचा, असा अलिखित कायदा आहे. 'स्वतःचे काम' या खुणेवर लोक डोळे मिटून टिचकी मारतात. एका गृहस्थांनी चढवलेल्या फोटोत ते स्वतःच हात बांधून, मागे समुद्र घेऊन उभे होते.

"हा तुम्हीच काढलाय?"

"हो."

"पण यात तर तुम्हीच उभे आहात."

"मग? मित्राने काढला."

"म्हणजे हक्क मित्राचा. त्यांची परवानगी लागेल."

"अहो, मित्र माझाच आहे."

यावर कॉमन्सच्या धोरणात उत्तर नाही. मी शोधलं.

फाइलीच्या पोटात कॅमेरा काय काय लिहून ठेवतो हे लोकांना माहीत नसतं. कॅमेऱ्याचं मॉडेल, तारीख, वेळ, कधीकधी जागासुद्धा. 'आत्ताच काढला' म्हणून पाठवलेल्या फोटोच्या पोटात 'एफबीएमडी' या अक्षरांनी सुरू होणारी लांबलचक ओळ निघाली, की समजायचं, स्वारी फेसबुकावरून आली आहे. म्हणून मी सगळ्यांना मूळ फाइल मागितली. सगळ्यांनी ती तत्परतेने व्हॉट्सॲपवर पाठवली. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि ही आतली नोंद पुसून टाकतं. 'फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं मी कळवलं, तर सरांनी फोटोची प्रिंट काढून, ती स्कॅन करून, पीडीएफ पाठवली. डॉक्युमेंट मागितलं होतं, डॉक्युमेंट आलं. मी आभार मानले.

त्यातही ताईंच्या मामांचा फोटो हे वेगळंच प्रकरण झालं. मामा शाहीर होते, त्यांच्यावर लेख आहे, लेखात डफ घेतलेला रुबाबदार फोटो आहे. फोटो तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओत काढलेला. आता आपला सध्याचा प्रताधिकाराचा, म्हणजे कॉपीराइटचा, कायदा १९५७चा, अमलात आला २१ जानेवारी १९५८ला. फोटो त्याआधीचा असेल तर काढल्यापासून पन्नास वर्षांत भारतात मोकळा झाला. नंतरचा असेल तर प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं मोजायची. म्हणून फोटो सत्तावन्नचा की एकोणसाठचा यावर ताईंच्या माहेरी खल सुरू झाला. एका मावशींनी सांगितलं, फेटा नवा दिसतोय म्हणजे थोरलीच्या लग्नानंतरचा. थोरलीचं लग्न कधी झालं, तर ज्या साली विहिरीला पाणी लागलं त्या साली.

बरं, समजा नंतरचा निघाला. तर कायदा असंही म्हणतो, की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा. म्हणजे मामाच मालक! ताईंना आनंद झाला. मी खातरजमा म्हणून स्टुडिओच्या सध्याच्या मालकांना फोन लावला. ते म्हणाले, "शाहिरांचा फोटो ना? आहे की लक्षात. वडील शेवटपर्यंत म्हणायचे, त्याचे पैसे यायचेत."

आणि हे सगळं सुटलं तरी कॉमन्सवर फोटो मूळ देशाबरोबर अमेरिकेतही मोकळा असावा लागतो. अमेरिकेचा हिशेब साधारण असा: १ जानेवारी १९९६ला तो भारतात मोकळा झालेला होता का? म्हणजे आपला जुना फोटो सुखरूप हवा तर १९४६च्या आधीचा हवा. मामा उभ्या आयुष्यात पंढरपूरच्या पलीकडे गेले नव्हते.

पुतळ्यांच्या बाबतीत आपला कायदा उदार आहे. सार्वजनिक जागी कायमचा बसवलेला पुतळा असेल तर फोटो काढा, छापा, कॉमन्सवर चढवा, हरकत नाही. पण सपाट चित्राला, म्हणजे भित्तिचित्राला, पोस्टरला, ही सवलत नाही. युरोपातल्या कुठल्या चौकात हा फरक सांभाळणं सोपं असेल. आपल्या चौकात पुतळ्यासमोर फ्लेक्स असतो. फ्लेक्सवर वाढदिवस असतो. वाढदिवसाच्या भोवती शुभेच्छुकांची गोल गोल तोंडं असतात, आणि त्या प्रत्येक तोंडाचा मूळ फोटो कुणीतरी काढलेला असतो. चित्रात अशी वस्तू अगदी किरकोळ असेल तर कॉमन्स ती चालवून घेतं. आमच्या एका फोटोत किरकोळ होता तो पुतळा. मुलाने रात्री दोन वाजता फ्लेक्स कापून टाकला. सकाळी पाहिलं तर उरला होता घोड्याचा कान आणि विजेचा खांब.

सिनेमाची पोस्टरं, पुस्तकांची मुखपृष्ठं ही तर तिकडे न्यायचीच नाहीत. उचित वापर म्हणून, म्हणजे हक्क दुसऱ्याचा असूनही गरजेपुरती, काही विकी ती आपापल्या नियमांखाली घरी ठेवतात, कॉमन्सवर त्याला थारा नाही. हे मी गटावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. एका उत्साही सभासदाने त्या संदेशालाही अंगठा दाखवला आणि संध्याकाळपर्यंत पोस्टरांचा गठ्ठा पलीकडे नेला. तिथे ती नियमाप्रमाणे उडाली. उडालेल्या चित्राचे दुवे लेखांतून काढून टाकणारा एक सांगकाम्या, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, आहे, त्यानेही आपलं काम चोख केलं. इकडची प्रत प्रचालकांनी अजून पुसली नव्हती म्हणून बरं, नाहीतर ना इथे ना तिथे.

पण इकडची प्रत पुसली की वेगळी गंमत होते. दोन्हीकडे एकाच नावाच्या दोन वेगळ्या फाइली असल्या, तर आपल्या विकीवर आपली दिसते. आपली पुसली की त्या नावाची तिकडची आपोआप तिच्या जागी येऊन बसते. आमच्या एका किल्ल्याच्या लेखात कातळात खोदलेल्या टाक्याचा फोटो होता. चढवणाऱ्याने फाइलला नाव दिलं होतं इंग्रजीत, टँक आणि पुढे एक आकडा. नव्या नावाने ती कॉमन्सवर गेली, जुनी प्रत पुसली गेली, आणि लेखात नवं नाव घालायच्या आत तिथे लष्करी रणगाडा अवतरला. खाली मथळा तोच: 'गडावरील टाके. पाणी बारमाही व पिण्यायोग्य.' रणगाडा बरेच दिवस होता. एका वाचकाने तर चर्चापानावर विचारलं, की वर नेला कसा.

सध्या सगळं अडलंय ते एका फोटोवर. तो मला स्वतःला हवाय. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर सुकडीसाठी रांगेत उभ्या असलेल्या बायका. पुढच्या बाईने पदराचा ओटा केलाय, आणि मागची कॅमेऱ्याकडे अशी बघते की जणू फोटोवाल्यानेच पाऊस अडवून ठेवलाय. तो त्याच साली छापून आला, म्हणजे नुसता भारतात आपोआप मोकळा व्हायलाही २०३३ उजाडेल. फोटोवाले गेले. त्यांचे थोरले चिरंजीव म्हणजे शाहिरांच्या उधारीवाले. मी त्यांच्याकडे गेलो. चहा झाला. परवाना समजावला.

"म्हणजे उद्या कुणी हा पिशवीवर छापून विकला तरी चालेल?"

"चालेल. फक्त वडिलांचं नाव द्यावं लागेल."

"आणि पैसे?"

"पैसे नाहीत."

"मग फक्त विकिपीडियाला देतो ना. बाकी कुणाला नको."

"तसं चालत नाही. द्यायचा तर सगळ्यांना."

ते बराच वेळ त्या बाईकडे बघत बसले. मग म्हणाले, "द्या कागद." परवानगीचा ठरलेला मजकूर असतो, तो त्यांनी स्वतःच्या मेलवरून पाठवला, एक अक्षर न गाळता. अशी पत्रं तपासणारी स्वयंसेवकांची वेगळी तुकडी असते. तिथून सभ्य भाषेत उलट विचारणा आली: आपण वारस आहात हे समजलं, आणखी कुणी वारस आहेत का?

आहेत. धाकटे बंधू. त्यांचा आणि थोरल्यांचा स्टुडिओच्या गाळ्यावरून दावा चालू आहे. मी धाकट्यांनाही भेटलो, तिथेही चहा झाला. फोटोला त्यांची बिलकूल हरकत नाही, मात्र वकिलांनी तूर्त कशावरच सही करू नका म्हणून बजावलंय. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. गटावर तसं कळवलं, तर सगळ्यांनी अंगठे दाखवले.