"पुन्हा उकळलं की शिळं अन्न चालते" हा मेसेज पुढं पाठवू नका

आपल्या गावच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरून राहिला. त्यात म्हटलं आहे की आजी-आजोबांनी फ्रिज पाहिला नव्हता, शिळं खाऊन नव्वद वर्षं जगले, वास येत नाही तोवर अन्न चांगलंच, पुन्हा खदखदा उकळलं की सगळं शुद्ध, गरम अन्न फ्रिजमध्ये टाकू नका, रात्रभर बाहेर निवू द्या, अन् उलट्या-जुलाब लागले तर पोटाला आराम द्या, पाणीही बंद. लगीनसराई आहे, भागवत सप्ताह आहेत, अन् वर हे ऊन, म्हणून एकेक मुद्दा घेते.

उकळण्याचं आधी, कारण खरा घोटाळा इथंच आहे. उकळल्यानं जिवंत जंतू मरतात, पण त्यांनी तोपर्यंत अन्नात सोडलेलं विष कसं मरणार, ते काही जिवंत नसते. भाताचंच घ्या. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू, म्हणजे कडक कवचात झोपलेले जंतू, असू शकतात, ते भात शिजला तरी टिकतात, मग गंज झाकून रात्रभर ओट्यावर राहिला की कोमट ओलाव्यात ते वाढतात अन् उलट्या करणारं विष तयार होते. हे विष १२१ अंशावर दीड तास ठेवलं तरी जात नाही, मग सकाळच्या फोडणीनं काय होणार? तसाच दुसरा जंतू आपल्या नाकात अन् हातावरच्या पिकलेल्या फोडात असतो, स्टॅफिलोकॉकस, तो बासुंदीत किंवा उकडलेल्या आलूत गेला की त्याचंही विष उकळून जात नाही. म्हणून ज्याच्या हाताला असा फोड आहे त्यानं पंगतीच्या स्वयंपाकात हात घालू नये, मग तो किती का जवळचा असो.

मटणाच्या रश्शाचा किंवा वरणाचा मोठा गंज असला तर त्याचा मधला भाग तासन् तास कोमट राहते, अन् तिथं वाढणारे काही जंतू दहा-पंधरा मिनिटांत दुप्पट होतात. हे जंतू जिवंत पोटात गेले तरच त्रास देतात, म्हणून इथं पुन्हा उकळल्याचा फायदा होते हे मान्य, पण नीट उकळतो कोण, बहुतेक जण चटका लागेल इतकंच गरम करतात. तळापासून ढवळून सगळीकडे उकळी फुटली पाहिजे.

आजी-आजोबांचं अर्धं खरं आहे. ते शिळं खात, पण काय खात? ज्वारीची भाकर, जी कोरडी असते, अन् आंबील, ताक, जे आंबट असते. कोरड्यात अन् आंबटात हे जंतू सहसा वाढत नाहीत. ओलं वरण-भात उरलं तर बहुतेक घरी ढोरांपुढं जाई. अन् नव्वद वर्षं जगलेले आपल्याला दिसतात, जे पाळण्यातच गेले ते कुठं दिसतात? १९६० च्या सुमारास आपल्या देशात १००० पैकी २०० हून जास्त लेकरं पाच वर्षांच्या आत दगावत, अन् हगवण त्याचं एक मोठं कारण होतं.

वासाचं थोडक्यात. ज्यानं अन्न आंबून वास मारते ते जंतू बहुतेक वेळा वेगळे अन् ज्यानं माणूस आजारी पडते ते वेगळे. वास आला तर फेकाच, नाही आला म्हणून भरवसा ठेवू नका.

आता फ्रिज. साधारण ५ ते ६० अंशांमध्ये जंतू वाढतात, म्हणून शिजलेलं अन्न २ तासांच्या वर बाहेर नको, अन् हवा ३२ अंशांच्या वर असली तर १ तासच. आपल्या अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ ला जाते, रात्रीही घर भट्टीसारखं तापलेलं, तिथं "रात्रभर निवू द्या" म्हणणं म्हणजे जंतूंना पूर्ण रात्र देणं. भरलेला गंज उकळता उकळता फ्रिजमध्ये कोंबू नका, हे बरोबर, पण म्हणून बाहेर सोडायचा नाही, भात परातीत पसरवा, वरणाचा गंज थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवून ढवळा, मग लहान डब्यांत भरून लगेच आत. लाईन गेली तर दार उघडू नका, बंद फ्रिज चारेक तास थंडावा धरते. फ्रिजच नाही? मग बेतानंच रांधा, अन् पंगतीतलं उरलेलं गरम आहे तोवरच घरोघरी वाटून टाका.

अन् पाणी बंद करायचा सल्ला सगळ्यात वाईट, त्यानं लेकरू जाऊ शकते. जुलाबात अंगातलं पाणी अन् मीठ जाते, तेच भरून द्यावं लागते. आशाताईकडे ओआरएसची पुडी भेटते, नसेल तर १ लिटर उकळून निवलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच, अन् घोट घोट पाजत राहा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध सुरूच ठेवा. डोळे खोल गेले, लघवी होईना, शौचातून रक्त पडलं किंवा लेकरू पेंगायला लागलं तर घरी बसू नका, रात्र असली तरी दवाखान्यात न्या.