यादी कुठंय?

२०१४ च्या लोकसभेला, १७ एप्रिलला, आई सकाळी सात वाजता कडक इस्त्रीची साडी नेसून कोथरूडमधल्या शाळेत मतदानाला गेली आणि दीड तासाने परत आली तर बोटाला शाई नाही. यादीत नावच नव्हतं. चाळीस वर्षं त्याच घरात राहतेय, व्होटर कार्ड पर्समध्ये आहे, पण टेबलावरच्या माणसाने पट्टी लावून पान दोनदा तपासलं आणि म्हणाला, आजी, नाव नाही तुमचं. बाबांचं होतं. बाबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. आई त्या दिवशी धड जेवलीसुद्धा नाही.

हे आत्ता आठवलं ते भाच्यामुळे. तो एमपीएससी करतो, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, रविवारी संध्याकाळी मेस बंद म्हणून आमच्याकडे जेवायला येतो. परवा ताट वाढेपर्यंत यूएनच्या मिशन्सची यादी घोकत होता, "मिनुर्सो, पश्चिम सहारा, १९९१", आणि लगेच पुढचं. मी म्हटलं थांब रे जरा, पुढे नको पळूस. त्या मिशनच्या नावातच सार्वमत आहे आणि ते सार्वमत आजपर्यंत झालेलं नाही.

आपल्याला वाटतं स्वातंत्र्य मागणाऱ्यांपुढची मोठी अडचण म्हणजे समोरचं सैन्य. पश्चिम सहारा म्हणजे आफ्रिकेत मोरोक्कोच्या दक्षिणेला लागून असलेला वाळवंटी मुलुख, पूर्वी स्पेनची वसाहत. स्पेन तिथून निघाल्यावर मोरोक्कोने त्यातला बराचसा ताब्यात घेतला, पोलिसारिओवाले, म्हणजे तिथली स्वातंत्र्य मागणारी संघटना, १९९१ पर्यंत लढले, वाळवंटात मोरोक्कोने २७०० किलोमीटरची भिंत उभी केली, भोवती सुरुंग, तरी ते हटले नाहीत. मग युद्धबंदी झाली, ठरलं की लोकांनाच विचारू, स्वतंत्र व्हायचंय की मोरोक्कोत राहायचंय. जानेवारी १९९२ मध्ये मतदान होणार होतं. आणि अडलं कुठे तर यादीत! पोलिसारिओ म्हणे स्पेनने १९७४ ला शिरगणती केली त्यातले साधारण ७४ हजार, तेच मतदार. मोरोक्को म्हणे आमच्याकडे येऊन राहिलेल्या टोळ्यांचे लोकही धरा. यात अजिबातच तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही, उंटांमागे फिरणारी माणसं ती, शिरगणतीच्या दिवशी कोण कुठे होता कोण सांगणार. पण हजारोंनी अर्ज आणून यादी फुगवायची हा त्यामागचा डाव होता असं माझं स्पष्ट मत आहे.

ओळख पटवायचं काम ऑगस्ट १९९४ ला सुरू झालं. कसं, तर अर्जदार टेबलासमोर येणार, तिथे यूएनचे लोक आणि दोन्ही बाजूंचा एकेक शेख म्हणजे टोळीतला म्हातारा जाणकार. तू कुणाचा मुलगा, कुठली टोळी, त्यातली कुठली शाखा. शेख म्हणणार ओळखतो किंवा नाही ओळखत. एकाने हो म्हटलं आणि दुसऱ्याने नाही म्हटलं की झाला वाद. एवढं वाचताना मला सारखी ती शाळा आणि ती पट्टी दिसत होती. मध्ये १९९६ ला काम बंदच पडलं, मग यूएनचे दूत म्हणून आलेल्या जेम्स बेकरनी, अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री ते, दोघांना बसवून पुन्हा सुरू करवलं, आणि १९९९ च्या डिसेंबरात संपलं तेव्हा जवळजवळ दोन लाख अर्जांतून साधारण ८६ हजार पात्र. झालं? नाही. नाकारलेल्यांची अपिलं आली, १ लाख ३० हजारांच्या वर, आणि प्रत्येक अपिलासाठी पुन्हा तेच टेबल, तेच शेख, ज्यातले काही तोवर वारलेले.

त्याच वर्षी पूर्व तिमोरमध्ये काय झालं बघा. तिथूनही पोर्तुगीज १९७५ ला गेले आणि शेजारचा इंडोनेशिया घुसला, म्हणजे गोष्ट बरीचशी सारखी. पण तिथे मतदार कोण हे करारातच सरळ लिहिलं, तिथे जन्मलेला, आईबापांपैकी कुणी तिथे जन्मलेलं, किंवा अशाचा नवरा-बायको. इंडोनेशियाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांची दहशत असतानाही तीनेक आठवड्यांत साडेचार लाख नावं नोंदली गेली आणि ३० ऑगस्टला मतदान झालं, ७८.५ टक्के स्वातंत्र्याच्या बाजूने. नंतर टोळ्यांनी जाळपोळ केली, माणसं मारली, फार सोसलं त्या लोकांनी, पण मत मोजलं गेलं होतं ना, ते कुणाला पुसता आलं नाही.

म्हणून जगात कुठेही सार्वमताची बातमी आली की आपण लगेच बाजू घेतो, हो जिंकणार की नाही, ते मला पटत नाही. आधी विचारा मतदार कोण, ठरवणार कोण, तक्रारीला मुदत किती. मुदत नसेल तर ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याला घाई कशाला असेल? पश्चिम सहारातून पळालेल्यांच्या अल्जीरियातल्या तिंदूफच्या छावण्यांत मुलं जन्मली, त्यांना मुलं झाली. आपल्या भारतानेही १९८५ ला पोलिसारिओने जाहीर केलेल्या प्रजासत्ताकाला मान्यता दिली आणि २००० मध्ये काढून घेतली, मला याचं खरंच वाईट वाटतं.

हे सगळं मी तावातावाने सांगत होते आणि आई कोशिंबीर वाढत ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "मग ती ८६ हजारांची यादी कुठंय आता?"

भाचा मोबाइलवर शोधत बसला, आमटी गार झाली. म्हणाला, "आजी, ओळख पटवलेल्यांच्या सगळ्या फायली जिनिव्हाला यूएनच्या ऑफिसात नेऊन ठेवल्यात."

"म्हणजे आहे."

"आहे आजी."

"बरं," आई म्हणाली, आणि त्याच्या पानात भात वाढला.