१९८२ ची आर्कान्सा : हरलेला गव्हर्नर परत आला तेव्हा

विद्यमान गव्हर्नरला माजी गव्हर्नरने आव्हान दिले, तर मतदार माजी गव्हर्नरवरचा जुना राग विसरत नाहीत, असे एका लेखात म्हटले आहे. मला हे पटत नाही, आणि त्याला कारण अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील १९८२ ची निवडणूक आहे. (तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा नेमला जात नाही, लोकच त्याला निवडतात.)

१९७८ मध्ये अवघ्या ३२ व्या वर्षी निवडून आलेल्या बिल क्लिंटन यांनी रस्त्यांसाठी वाहननोंदणीचे शुल्क वाढवले. ते गाडीच्या वजनावर ठरत असल्याने जुनी, जड गाडी चालवणाऱ्या गरिबाला नव्या, हलक्या गाडीवाल्यापेक्षा जास्त पैसे मोजावे लागले. राज्यातील फोर्ट चॅफी या लष्करी तळावर ठेवलेल्या क्युबन निर्वासितांच्या प्रश्नाचीही त्यात भर पडली आणि १९८० मध्ये फ्रँक व्हाइट यांनी त्यांना हरवले.

१९८२ मध्ये पुन्हा उभे राहताना क्लिंटन यांनी टीव्हीवरील जाहिरातीत त्या शुल्काबद्दल सरळ चूक कबूल केली. बाकीचा प्रचार त्यानंतर सुरू झाला. उलट व्हाइट यांनी शाळांत उत्क्रांतिवादाबरोबर सृष्टिनिर्मितीवादही (सृष्टी देवानेच घडवली हे मत) शिकवण्याच्या विधेयकावर ते न वाचताच सही केली होती, आणि तो कायदा जानेवारी १९८२ मध्ये केंद्रीय न्यायालयाने रद्द ठरवला. क्लिंटन सुमारे ५५ टक्के मते घेऊन परतले. ज्याच्या खिशाला झळ बसली त्याच्यासमोर जाऊन आधी चूक मान्य करणे मला त्या प्रचारातील सर्वांत मोलाचे वाटते, आणि त्या लेखात नेमका त्याचाच उल्लेख नाही.