प्रश्नपत्रिका बाद करणारा कॅमेरा?

वाचताना डोळे कसे हलतात ते कॅमेऱ्याने दोन मिनिटं टिपलं, की मजकूर किती समजला, भाषा किती येते आणि डिस्लेक्सिया (वाचन शिकण्यातली मूळची अडचण) आहे का हे सगळं कळतं, प्रश्न विचारायची गरजच उरत नाही, असा दावा सध्या बराच फिरतोय. त्यामागे खरं संशोधन आहे, म्हणून तो मुद्देसूद तपासायला हवा.

‘नजर जिथे, मन तिथे.’ १९८० साली जस्ट आणि कार्पेंटर या मानसशास्त्रज्ञांनी साधारण असंच गृहीतक मांडलं होतं आणि ढोबळमानाने ते चालतं. वाचताना नजर एका जागी २०० ते २५० मिलिसेकंद थांबते नि पुढे उडी घेते. अनोळखी शब्दावर ती जास्त रेंगाळते, अपेक्षित शब्द तर बऱ्याचदा गाळूनच जाते. पण मन भरकटलं तरी डोळे ओळींवरून चालत राहतात. पान संपतं, डोक्यात काहीच शिरलेलं नसतं. अशा वेळी सोप्या आणि अवघड शब्दांवरच्या थांब्यांतला फरक पुसट होतो, हे खरं. पण हे पुसट होणं दिसतं पुष्कळ शब्दांच्या सरासरीत, दोन मिनिटांच्या तुकड्यात नव्हे.

‘नजर मागे वळली म्हणजे समजलं नाही.’ सगळ्यात खोडसाळ मुद्दा हा. इंग्रजी वाचणाऱ्या तरबेज प्रौढांच्याही १० ते १५ टक्के उड्या मागे असतात. २०१४च्या एका प्रयोगात वाचून झालेले शब्द लगेच झाकून टाकले, म्हणजे मागे वळून काही मिळेना. आकलन घसरलं! मागे वळणारा वाचक कदाचित जास्त समजून घेत असेल. कदाचित त्याची उडी जरा लांब पडली असेल, किंवा वाक्य नुसतंच आवडलं असेल. नोंदीत तिन्ही सारखीच दिसू शकतात.

‘भाषा किती येते ते कळतं.’ यात तथ्य बरंच आहे. इंग्रजी शिकणाऱ्यांच्या नजरेवरून काढलेले गुण प्रमाणित परीक्षांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळतात, असं २०१८च्या एका अभ्यासात दिसलं. गंमत अशी, की परीक्षा बाद करायला निघालेली पद्धत अखेर परीक्षेवरच घासून पाहावी लागली. शिवाय बोलणं-लिहिणं यात कुठेच नाही. आणि इंग्रजीचे निकष इतर लिपींना तसेच लागू होत नाहीत: उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी हिब्रू वाचणाऱ्याचं लक्ष नजरेच्या डावीकडे जास्त पसरतं, इंग्रजी वाचणाऱ्याचं उजवीकडे.

‘डिस्लेक्सिया ९६ टक्के अचूक ओळखतो.’ २०१६च्या स्वीडिश अभ्यासातला हा आकडा. पण ती मुलं आधीच वाचनचाचण्यांवरून निवडलेली होती: एक गट फार मागे पडलेला, दुसरा तसा नाही. साध्या शाळेत हजारांपैकी ५० मुलांना खरी अडचण आहे, असं धरा. अडचण असलेली आणि नसलेली, दोन्ही मुलं ओळखण्यात ९६ टक्के अचूकता मानली तरी ४८ मुलं सापडतील आणि ३८ जणांवर उगाच शिक्का बसेल. पुढच्या तपासणीसाठी मुलं निवडायला हे चालेल, निदानाला नाही. शिवाय डोळे अडखळतात म्हणून वाचन अवघड जातं, असंही नव्हे. १९८१ साली पाव्हलिडिस या संशोधकाने डिस्लेक्सिया असलेल्यांच्या डोळ्यांच्या हालचालीच वेगळ्या असतात असा निष्कर्ष काढला, तो इतरांच्या प्रयोगांत टिकला नाही. वाचन जड जातं म्हणून डोळे अडखळतात, असंच बहुतेक पुरावे सांगतात.

‘साधा वेबकॅम पुरतो.’ प्रयोगशाळेतलं यंत्र सेकंदाला १००० किंवा त्याहूनही जास्त नोंदी घेऊ शकतं, वेबकॅम सहसा ३० चित्रं. नजर कुठे आहे हे सांगताना त्याची चूकही अनेकदा कोनाच्या काही अंशांची असते, आणि आपल्याला स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम दोन अंशांचा. एवढ्यावरून वाचक कोणत्या शब्दाला अडला हे सांगणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.